स्क्रीन पांढरी येते

अकोटकडचा लॅपटॉप मी न विचारता ओळखतो. मागचं झाकण उघडलं की पंख्याच्या जाळीतून कापूस निघतो. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचं गाव ते, तिथल्या माणसांच्या भुवयांत रुई असते, मग मशीनच्या पोटात नसली तर नवल. दर हिवाळ्यात इकडे जिल्ह्याच्या गावी, जठारपेठेतल्या माझ्या दुकानात असे पाच-सहा लॅपटॉप येतात, मेलेच म्हणून, आणि ब्रश मारला की उठून बसतात. गिऱ्हाइकाला जादू वाटते. मी वाटू देतो, आपलं काय जातं? स्वतः मात्र मी त्यातला नाही. आमची अम्मी प्रत्येक दुखण्यावर दुआ पढून फुंकर मारायची. मी आधी मीटर लावून बघतो.

हे दोन हजार पंधराच्या डिसेंबरातलं, गुरुवारचं. शटर वर करत होतो तोच खुशालराव आले. अकोटचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. काखेत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. दोन-तीन रात्री झोपले नसावेत, डोळे तसे दिसत होते.

"पोराचा हाय," ते म्हणाले. "चालूच होऊन नाई राहिला. आतमधी काय हाय तेवढं पाहू द्या मले, तनवीरभाई."

पोरगा म्हणजे अंकुर. जिनिंगच्या काट्यावर, जिथं कापसाच्या गाड्या तोलतात तिथल्या खोलीत बसून पावत्या करायचा. सोमवारी संध्याकाळी तो घरी आलाच नाही. लॅपटॉप टेबलावर होता, मोबाइल बाजूलाच चार्जिंगला. चपला तेवढ्या खोलीत नव्हत्या.

"पोलीस म्हनतेत, चपला घालून गेला म्हंजे आपल्या पायानं गेला. पुन्या-मुंबईले गेला असन, येईन परत." खुशालराव स्टुलावर टेकले. "मी सतरा विहिरी पायल्या जी."

त्या वर्षांत आमच्याकडे माणूस दिसेनासा झाला की लोक आधी विहिरीत डोकावत. लॅपटॉपमध्ये एखादी चिठ्ठी, एखादा नंबर, कुणा मुलीचा फोटो, काहीतरी सापडेल एवढीच त्यांची आशा होती. संध्याकाळी या म्हणालो, तर म्हणाले, "बसतो."

बॅटरी मेलेली होती, ती काढून टाकली आणि चार्जरवर लावला. दिवा लागला, पंखा एक गिरकी घेऊन थांबला. झाकण उघडलं. कापूस होताच, पण नेहमीपेक्षा जास्त. चिमट्यानं काढत गेलो तर मूठभर निघाला. रॅम काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. पुन्हा चालू केला, तेव्हा पंखा नीट फिरला आणि स्क्रीन उजळली.

पूर्ण पांढरी.

"हे सोपं आहे काका," मी म्हणालो. "केबल गेली. स्क्रीन पांढरी आली की समजायचं केबल."

तसली केबल माझ्याकडे पडून होती, ती बदलली. स्क्रीन पांढरीच. मग पॅनेल गेलं असेल म्हणून दुकानातला मोठा मॉनिटर जोडला. पॅनेल खराब असेल तर बाहेरच्या मॉनिटरवर चित्र नीट यायला पाहिजे. तिथंही पांढरंच आलं.

मी जरा थांबलो. दोन्हीकडे पांढरं म्हणजे पडदा बिघडलेला नाही. म्हणजे ते चित्र आहे.

मोठ्या मॉनिटरजवळ डोळे नेले. पांढऱ्यात मऊ पीळ दिसत होते, सावल्या होत्या, आणि इथंतिथं बारीक तपकिरी ठिपके. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा लागलेला होता. त्यावर अंगठा ठेवला. चित्रात काहीच बदललं नाही. कॅमेऱ्याची वायर उपसून काढली, दिवा विझला, चित्र तसंच. शेवटी हार्ड डिस्क बाहेर काढली आणि पुन्हा चालू केला. हार्ड डिस्क नसलेल्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यावर एका ओळीची तक्रार येते, दुसरं काही येऊच शकत नाही. मी हे काम अकरा वर्षं करत होतो.

पांढरं आलं.

आणि ठिपके हलत होते. सगळे मिळून किंचित वर, मग किंचित खाली. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा वेळा.

खुशालराव कधी मागं येऊन उभे राहिले ते कळलं नाही.

"कापूस हाय हा," ते म्हणाले.

"काका, मशीन बिघडलेली आहे. काहीपण दाखवते."

"माह्या बापाची कापसाचीच शेती होती. हे ठिपके पाहा, वाळेल पानाचा चुरा हाय, वेचताना येते. सरकी न काढेल कापूस हाय. कोनीतरी आतून पाहून राहिलं."

मी आवाज वाढवला. कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. स्पीकरमधून एक जाड, लांब आवाज आला, थांबला, पुन्हा आला. थंडीत डोक्यावरून गोधडी घेऊन झोपलेल्या माणसाचा येतो तसा.

"गंजीवर चढला असेल का तो?" मी विचारलं. जिनिंगच्या अंगणात कापसाचा घराएवढा ढीग असतो, त्याला गंजी म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं.

"सोमवारी ढग आले होते. ताडपत्री ओढाले चढला असन बी. पन चपला..." ते मध्येच थांबले. मग फार हळू म्हणाले, "गंजीवर कोनी चपला घालून नाई चढत. लक्ष्मी हाय ते. खाली काढून ठेवतेत."

लॅपटॉप तसाच चालू ठेवून आम्ही माझ्या मोटरसायकलवर अकोटच्या जिनिंगकडे निघालो. वाटेत खुशालराव एकच वाक्य बोलले. "श्वास चालू हाय ना जी, तुमी पायलं." मी हो म्हणालो. पाहिलं होतंच.

त्या साली पीक अर्धंही नव्हतं, पण गरजेपोटी सगळ्यांनी एकदमच विकायला काढलेलं, त्यामुळे गंजी उंच होती. तिच्या पायथ्याशी हमालांच्या, बायांच्या चपलांची रांग. रांगेच्या टोकाला एक जोड निराळा होता. त्यावर रुईची साय धरली होती.

खुशालराव खाली बसले आणि त्यांनी त्या चपला हातात घेतल्या.

मुकादम जानराव म्हणाला, "चार दिसांपासून हाय तो जोड. मले वाटलं कोन्या हमालाचा असन." प्रत्येकाला तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला होता. सोमवारपासून गाड्यांमागून गाड्या त्या गंजीवर रिकाम्या झाल्या होत्या.

चाळीस माणसं लागली. सगळ्यांनी आधी चपला काढल्या. खुशालराव ओरडून सांगत होते, "हळू उपसा रे, खाली जीव हाय." मीही उपसत होतो आणि मलाही तसंच वाटत होतं.

तासाभरात अंकुर सापडला. उताणा, ताडपत्रीची दोरी मुठीत. डोळे उघडे होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला व्हरांड्यात बोलावून सांगितलं. सोमवारीच गेला. कापूस नाकातोंडात गेला की पाच-दहा मिनिटं. फार सोसावं लागलं नसेल.

"सोमवारी?" खुशालरावांनी विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मंग सकाळी आपुन काय पायलं?"

"मशीनचा फॉल्ट असेल, काका."

त्यांनी मान हलवली. मला माझी फार लाज वाटली.

शुक्रवारी अग्नी दिला तेव्हा मी होतो. परतताना त्यांनी माझा हात धरला. "ते मशीन बंद करून टाका जी. त्याच्यात गुंतला असन तर मोकडा होऊ द्या माह्या पोराले."

"दुकानात पोहोचलो की लगेच," मी म्हणालो. पण त्या दिवशी दुकानाकडे फिरकलो नाही. घरी बायकोनं, निखतनं, दोनदा विचारलं, काय झालं. मी तिला सांगितलं, ताप वाटतोय.

शनिवारी सकाळी दहाला शटर उघडलं. रस्त्यावर भाजीवाले ओरडत होते, चांगलं ऊन होतं. हार्ड डिस्क टेबलावर सुटी पडलेली होती. तिच्याशेजारी लॅपटॉप चालू होता.

पांढरं तसंच. वर, खाली. मिनिटाला चौदा.

त्याला जाळून एक दिवस झाला होता.

मी पॉवरचं बटण दाबून धरलं. असं धरलं की कुठलाही लॅपटॉप चार-पाच सेकंदांत बंद पडतो.

पाच झाले. सहा.

ठिपके भराभर हलायला लागले. वर-खाली, वर-खाली, मग नुसतेच थरथरू लागले. पांढरं पुढं सरकलं, पडद्याला आतून दाबल्यासारखं. स्पीकरमधून घशात अडकल्याचा आवाज आला.

मी बोट काढलं.

पाऊण तास मी समोर बसून राहिलो. तेवढ्या वेळात ते हळूहळू शांत झालं आणि पुन्हा चौदावर आलं. मी चार्जरची पिन बघितली, सैल नाही ना. वायर पायात येऊ नये म्हणून टेबलाच्या मागून घेतली. लाइट गेली तर म्हणून दुकानाचा इन्व्हर्टर चालू करून ठेवला.

तेवढ्यात खुशालरावांचा फोन आला. हात धुळीनं भरले होते म्हणून मी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"तनवीरभाई," ते म्हणाले.

त्यांचा आवाज दुकानात आला आणि पडद्यावरचे ठिपके जागच्या जागी थांबले. माणूस कान देऊन ऐकताना श्वास धरतो, तसे.

"बंद केला ना जी? झाला ना माहा पोरगा मोकडा?"

"हो काका," मी म्हणालो. "कालच बंद केला."

त्यांनी फोन ठेवला. ठिपके अजून थांबलेलेच होते.