बाकावरच्या आजी

माझा मेहुणा त्या रात्री धुतलेल्या चादरी आणायला तळघराकडे निघाला होता. काम साधे होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारची रात्र, दोन वाजून दहा मिनिटे. तोही तुमच्यासारखाच तातडीच्या विभागात ब्रदर. मघाशी तुम्ही एका म्हाताऱ्याला ‘आले जावईबापू परत’ म्हणून हसलात, म्हणून हे सांगतो. देवाला स्मरून सांगतो. पदरचे काही घालत नाही.

त्या विभागात एक पद्धत होती. वरचेवर येणाऱ्याच्या केसपेपरवर लाल पेन्सिलीने टिंब द्यायचे. टिंब म्हणजे बाकावर बसवा, बाकीचे आधी घ्या. बहुतेक जण कंटाळून घरी जात.

एका आजींना दोन महिन्यांत अकरा टिंबे मिळाली होती. छातीत धडधडते म्हणायच्या. तपासण्यांत काही निघत नसे. मेहुण्याने एकदा विचारले, “आजी, दवाखाना म्हणजे माहेर वाटलं का तुम्हाला?”

“माहेरी कोण उरलंय, बाळा? घरी मी एकटी. रात्री धडधडायला लागलं की भीती वाटते. इथं कोणीतरी हात तरी धरतं.”

त्या गुरुवारी आजी रात्री नऊला आल्या. मेहुण्याने टिंब दिले. मनगटाला बोटही न लावता मागच्या केसपेपरवरून आकडा उतरवला : नाडी बहात्तर. साडेदहाला बाक रिकामा दिसला. त्याला हायसे वाटले.

दोन दहाला तो चादरींसाठी निघाला, तेव्हा आजी बाकावर होत्या.

“आजी, पुन्हा?”

“मघाशी राहिलं ना.” त्यांनी हात पुढे केला.

तो वरमला. त्याने शेजारी बसून मनगट धरले. थंड. बोटे सरकवली. दाबून पाहिले. दुसरा हात घेतला...

“सापडली का?”

“थांबा, आजी...”

“शोध. मला आता घाई नाही.”

तो शोधत राहिला. उठावे, तर उठवेना. हाक मारावी, तर... डॉक्टर दहा पावलांवर पाठमोरे लिहीत होते.

दारात रुग्णवाहिका थांबली. स्ट्रेचर आत आले. चालक म्हणाला, “शेजाऱ्यांनी शेवटी दार तोडलं. अकरानंतर आतून आवाज नव्हता म्हणे.”

डॉक्टरांनी चादर बाजूला केली.

त्याच आजी.

मेहुण्याने बाकाकडे पाहिले... कोणी नव्हते.

“जाऊन तीन तास झाले असतील,” डॉक्टर म्हणाले.

मेहुणा अजून तिथेच नोकरी करतो. स्वतः टिंब देत नाही. इतरांना थांबवणे त्याला जमले नाही. प्रकृती ठणठणीत आहे. मोठमोठ्या डॉक्टरांनी यंत्रे लावून पाहिली, हृदयात दोष नाही. पण त्याच्या मनगटाला नाडी लागत नाही. दोन्ही हातांना.

गेल्या रविवारी मी स्वतः पाहिले. हात उबदार होता...

मी बराच वेळ शोधली.