एकाच नॉबवर सगळा बेंजो

टेबलावर मांडलेल्या तीन पेट्या नॉबांनी गच्च भरलेल्या होत्या, आणि एक सोडून सगळे नॉब मुके! अनूने ढोलकीचा नॉब फिरवला, तर चिडीचूप. संबळाचा फिरवला, तीच गत. पहिल्या पेटीच्या कोपऱ्यातल्या नॉबला मात्र कुणी काही काम दिलेलं नव्हतं. त्याला चुकून धक्का लागला आणि ढोलकी, संबळ, ताशा, हलगी एकदमच केकाटली. गोठ्यातली म्हैस बिथरून दाव्याला हिसके देऊ लागली.

"अगं ए, माझ्याच लग्नात मला बहिरी करतीस का?" मृणालताई मेंदीचे हात वर धरून आतून ओरडली.

वरात पाच वाजता होती आणि ऊन केव्हाच कललं होतं.

त्या काळात वडगावच्या बेंजो पार्टीची गाडी ढोल-ताशांनी भरत नसे. गाडीवर एक संगणक असे आणि त्यातच सॉफ्टवेअर वाद्ये (संगणकाच्या आत वाजणारी वाद्ये) राहत. हलगी मात्र ओंकारमामा हातानेच वाजवायचा. पंचक्रोशीतली एकही वरात त्याच्या हलगीशिवाय हलली नव्हती. पण गेल्या वर्षी तो छपरावरच्या सौर पाट्या पुसताना पडला आणि उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. हातात काडी ठरेना. आज त्याच्या स्वतःच्या लेकीची, मृणालची वरात, आणि हा गडी हटून बसला होता. "हलगी न्हाई, तर बाप बी न्हाई. मी घरातच बसतो."

अनू त्याची भाची. तिच्या पायाला भिंगरी आणि हाताला चाळा. मामाला बोटं वळवता येत नसली तरी नॉब फिरवता येईल, या आशेने तिने कुठून कुठून संगणकाला जोडायच्या या जुन्या पेट्या जमवल्या होत्या.

"झांज्या, नॉब बिघडलेत रे!" ती जागच्या जागी नाचत म्हणाली.

झांज्या म्हणजे पार्टीचं सामान उचलणारा यंत्रमानव. उचलायचा कमी आणि बोलायचा जास्त.

"नॉबमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं," तो म्हणाला. "त्याला ढोलकी ठाऊक नाही की हलगी. तू फिरवलास की तो एवढंच ओरडतो, 'पेटी दुसरी, नॉब बारावा, आकडा चौसष्ट!' पार डावीकडे शून्य, पार उजवीकडे एकशे सत्तावीस. या बोलीला मिडी म्हणतात (वाद्यांनी आणि संगणकाने एकमेकांना आकडे कळवायची भाषा)."

"मग ढोलकीचा आवाज वाढवतं कोण?"

"संगणक. त्याच्याकडे जोडणी असते (कोणत्या नॉबचा आकडा कोणत्या वाद्याच्या कोणत्या कामाला लावायचा, हे ठरवणे). जोडणी चुकली की आकडा भलत्याच्या घरी जातो. पोस्टमनने काय करावं?"

"अरे, पण जोडणी मीच केली की! पडद्यावर वाद्य निवडलं, 'शिक' दाबलं, नॉब फिरवला. सगळ्यांची तश्शीच केली."

"'शिक' दाबल्यावर जो नॉब पहिल्यांदा हलतो, तोच संगणक शिकतो. पहिलाच. करून दाखव पाहू."

"वेळ न्हाई रे!" असं म्हणत अनूने ताशा निवडला, 'शिक' दाबलं, पेटीला हात लावून कपाळाला टेकवला आणि मग ताशाचा नॉब फिरवला.

"बरोबरच केलंस," झांज्या म्हणाला. "मला चूक दिसत नाही."

पण अनूचा हात कपाळापाशी परत जाऊन तिथेच थांबला होता. वाद्याला नमस्कार केल्याशिवाय वाजवायचं नाही, ही मामाची शिकवण. वडगावात लहान पोरही हे विसरत नसे. ती प्रत्येक वाद्याच्या वेळी पेटीच्या त्याच कोपऱ्याला हात लावत होती आणि दर वेळी अंगठ्याने कोपऱ्यातला नॉब कणभर हलत होता. संगणक बिचारा तोच शिकत होता, पुन्हा पुन्हा, सगळ्या वाद्यांसाठी!

"नमस्कार आधी, 'शिक' नंतर!" अनू किंचाळली.

"माझ्या माहितीत नमस्कार ही हालचाल नव्हतीच," झांज्या खजील होऊन म्हणाला.

तिने जुनी जोडणी पुसली आणि भराभरा नवी केली. आता ढोलकीच्या नॉबवर ढोलकीच बोलू लागली. ती धावत जाऊन मामाला ओढून घेऊन आली. मामाने हलगीच्या नॉबवर हात ठेवला, पण नॉब पडला बोराएवढा. बोटं त्यावरून घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली.

"ऱ्हाऊ दे, पोरी," मामा उठत म्हणाला. "तू लई केलंस."

अनूला रडू फुटलं. गाडी दारात येऊन उभी राहिली होती. रडता रडताही तिचं डोकं काही स्वस्थ बसेना. संगणकाला हवा फक्त आकडा. मग तो नॉबनेच कशाला द्यायला हवा?

"झांज्या, तुझा हात किती वर हाय, हे तुला कळतं?"

"कळतं. खांद्यात मोजमाप बसवलेलं आहे."

"ते शून्य ते एकशे सत्तावीसमध्ये ओरडता येईल? मिडीत?"

झांज्याने हात एकदा वर-खाली करून पाहिला. "येईल," तो म्हणाला. "मला कुणी विचारलंच नव्हतं."

अनूने आधी त्याच्या खांद्याला नमस्कार केला, मग पडद्यावर हलगीचा वेग निवडून 'शिक' दाबलं आणि त्याचा हात वर उचलला. कोपराच्या वाकण्याला तिने हलगीचा सूर जोडला. हलगी शेकून कातडं ताणलं की जसा चढतो, तसा सूर.

"मामा, ह्याच्या हातात हात घाला आणि हलवा की!"

मामाने आपला उजवा हात झांज्याच्या कोपरात अडकवला आणि नुसता वर नेला. हलगी तडतडली. त्याने तो झटक्यात खाली आणला, हलगी दबली. मामाचे डोळे भरून आले. पुसायला सवड कुणाला होती?

वरात निघाली. एक बाप आणि एक यंत्रमानव हातात हात घालून गाडीपुढे नाचत होते आणि त्यांच्या खांद्यांतून हलगी कडाडत होती. चौकात मृणालताई नवऱ्याला गाडीतच सोडून खाली उतरली, पदर खोचून बापासमोर आली आणि दोघं नाचता नाचता रडू लागली.

"अनू!" मामा त्या कल्लोळातून ओरडला. "ह्या झांज्याला किती वागवू? माझ्याच खांद्याला असलं मोजमाप बसव की!"

अनूची नजर केव्हापासून त्याच्या खांद्यावरच होती.