एका कान्याचा फरक

बर्फाच्या कारखान्यावर एक खोली होती. खाली दिवसभर लाद्या फोडण्याचा आवाज आणि वर दोन खिडक्या, एक धक्क्याकडे, दुसरी खाडीच्या तोंडाकडे. तिथे ताई बसायची. भिंतीवर हवेचा दाब दाखवणारी तबकडी, टेबलावर भरती-ओहोटीचं कोष्टक, बाहेर काठीला बांधलेली कापडाची पट्टी आणि हाताशी वायरलेसचा खोका. एवढ्या सामग्रीवर ती धाकट्या भावाची बोट कित्येक वर्षं हाकत होती. स्वतः मात्र पाण्यात कधी गेली नाही, कारण तिला बोट लागायची. बोट हाकणारा तो तांडेल, म्हणून धक्क्यावरचे लोक तिला 'कोरडी तांडेल' म्हणायचे. त्यात चेष्टा होती तसा मानही होता, कारण ती म्हणेल तसाच वारा वाहायचा.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता. भरतीला त्याच्यावरून बोट सहज जायची. पण ओहोटी लागलेली असताना समुद्रावरून जोराचा वारा आला, की तिथे लाटा भिंतीसारख्या उभ्या राहायच्या आणि परतीची वाट बंद. म्हणून धाकटा रोज सकाळी दांड्यापाशी बोट थांबवायचा आणि वायरलेसवर विचारायचा, "ताई, काय करू?" ती आधी पाणी सांगायची, मग वारा. आईच्या मागे तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. तिचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता.

त्या सकाळी तबकडीचा काटा उतरला होता. ताईने सांगितलं, "पाणी बरं आहे, पण आज वारा पाडेल." आणि खिडकीतून बघते तर बोट दांडा ओलांडून निघालेली! दुपारपर्यंत तिने पाण्याचा घोट घेतला नाही. मग वारा अचानक पडला, समुद्र तेलासारखा झाला आणि धाकटा काठोकाठ भरलेली बोट घेऊन शीळ घालत आला.

"कान फुटले होते का तुझे?"

"तूच म्हणालीस ना, वारा पडेल?"

"पाडेल म्हटलं मी! आडवं पाडेल!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग हसत सुटली. एक काना वाऱ्यावर उडाला होता, दुसरं काय! मात्र दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यावं. त्या दिवसापासून ठरलं, निर्णय एका शब्दात द्यायचा. 'जा' किंवा 'नको'. 'नको'चं 'जा' ऐकायला माणूस ठार बहिराच असायला हवा.

काही दिवसांनी ताई म्हणाली, "नको." स्पष्ट, ठासून. आणि बोट गेली.

या वेळीही तो भरल्या बोटीने परतला. या वेळीही वारा तिने सांगितल्याच्या नेमका उलट वागला. पण ताईला हसू आलं नाही. "तुला आपल्या मनाचं करायचं असेल तर सरळ सांग," ती म्हणाली, "माझ्या नावावर पावत्या फाडू नकोस."

"ताई, तू 'जा' म्हणालीस. आईशप्पथ."

आईची शपथ त्याने खोटी घेतली, याचं तिला फार लागलं. ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं, तोच तोंडावर खोटं बोलत होता. ती तडक त्याच्या घरी गेली. स्वयंपाकघरात भावजयीने दुसरा खोका ठेवलेला होता, नवऱ्याची खबर कळावी म्हणून.

"तुम्हीच तर म्हणालात," भावजय गोंधळून म्हणाली. "जा बोक्या, असं म्हणालात. मला गंमतच वाटली. यांना बोक्या म्हणतात हे मला कुठे माहीत!"

बोक्या हे नाव आई गेल्यापासून ताईने तोंडातून काढलं नव्हतं.

तिने वायरलेसवाल्याला बोलावून घेतलं. त्याने खोका उघडला, बोलायचं बटण दाबून पाहिलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"ताई, यातून तुम्हाला ऐकू येतं, पण तुमचं बाहेर काही जात नाही. आतली तार तुटलीय."

"आत्ताच तुटली असेल."

"छे. हिरवा गंज चढलाय बघा. वर्ष तरी उलटलं असेल."

ताई हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "अहो, रोज बोलतो आम्ही." वायरलेसवाल्याने वाद घातला नाही. खोका कापडात गुंडाळून दुरुस्तीला घेऊन गेला. टेबलावर धुळीत एक चौकोन उरला.

दुसऱ्या दिवशी तबकडीचा काटा इतका खाली आला, की तिने काचेवर बोटाने टिचकी मारून पाहिली. काटा आणखी उतरला. संध्याकाळी ती स्वतः धक्क्यावर गेली. धाकटा जाळं आवरत होता.

"उद्या पाऊलही बाहेर टाकू नकोस," ती म्हणाली. "उद्या गेलास तर दांड्यावरून परत येणं नाही."

"तुझ्या शब्दाबाहेर आहे का मी?" तो म्हणाला. पण बोलताना त्याची मान वळलेली होती. बोटीच्या केबिनमधला खोका खरखरत होता आणि त्याचा कान तिकडे होता.

सकाळी ताईने खिडकी उघडली. कापडाची पट्टी फाटायला आली होती. ओहोटी लागली होती. आणि बोट दांड्यापाशी उभी होती.

केसाने गळा कापला, असं तिच्या मनात आलं. मग राग बाजूला पडला आणि नुसती भीती उरली. जिना उतरून, धक्का ओलांडून ती धावत त्याच्या घरात शिरली.

भावजय खोक्यासमोर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. खोक्यातून ताईचा आवाज येत होता.

"पाणी बरं आहे. वारा पडेल. जा बोक्या."

शांत, थोडा घोगरा. तिचाच.

ताईने मायक्रोफोन हिसकावला. "परत फिर! मी बोलतेय, ताई! परत फिर!"

खरखर झाली. मग धाकट्याचा आवाज आला. "ताई, मध्येच कुणी बाई ओरडतेय. कोण आहे?"

"कुणी नाही रे," तिचाच आवाज मायेने म्हणाला. "वारा आहे. तू हो पुढे."

"बरं."

ताईने भावजयीचा दंड धरला. "तू तरी सांग त्याला. मी इथे उभी आहे ना, तुझ्या डोळ्यांसमोर?"

भावजय उठली. तिने ताईच्या हातातून मायक्रोफोन हळूच काढून घेतला, जागेवर ठेवला आणि पेलाभर पाणी आणून दिलं, दारात आलेल्या अनोळखी माणसाला देतात तसं.

"बसा हं," ती म्हणाली. "पण बाई, जरा गप्प बसा. ताई बोलतायत."