मूरांचा गड

जर्मनीतल्या उंटरश्लाइसहाइम स्टेशनावर तिकिटाच्या मशीनपुढे उभी राहून एक मुलगी मशीनलाच समजावत होती, "अगं बाई, घे ना ती नोट." मराठी कानावर पडल्यावर हृषिकेशसारखा बोलघेवडा गप्प कसला बसतो? त्याने नोट सरळ करून दिली, तिकीट काढून दिलं आणि वर जर्मनचा पहिला धडाही फुकटात दिला. निशिगंधा डोळे मोठे करून ऐकत राहिली. त्या डोळ्यांपायी पुढे त्याच्या जिभेला धरबंध उरला नाही.

पुण्यात रविवारी गड चढल्याशिवाय आपल्याला घास गोड लागत नसे, असं ती एकदा सहज बोलली. झालं, याने थाप ठोकली. इथेही गड आहे की... स्पेनवर राज्य केलेल्या त्या मूरांचा. डोंगरमाथ्यावर. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी, आणि दरवाजा असा की हत्तीने अंबारीसकट आत जावं. आपण स्वतः जाऊन आलोय. खरं तर त्याने फक्त बसवरची पाटी वाचली होती – मूरबुर्ग. बुर्ग म्हणजे किल्ला, मग मूर म्हणजे मूरच. बाकीचे तट-बुरूज जिभेने बांधले.

"मग दाखव," ती म्हणाली.

रविवार ठरला. बालेकिल्ल्यावर पोचायचं आणि मनातलं सांगून टाकायचं, म्हणून त्याने वाक्यही पाठ केलं.

बस शेवटच्या थांब्यावर दोघांना उतरवून निघून गेली. समोर नजर जाईल तिथवर सपाट... काळं पाणी, ओलं गवत आणि त्यातून गेलेली फळ्यांची वाट. डोंगर राहू दे, साधं टेंगूळ नाही. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांना त्याने किल्ला विचारला. आजोबा म्हणाले, किल्ला कसला, गावाचं नावच तसं. मग बुटाने जमीन दाबून दाखवली. पचक. "मोअर."

मूर नव्हे, मोअर. दलदल.

हृषिकेशचे कान तापले. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. धरणी तयारच होती, एक पाय घोट्यापर्यंत घेतलाही होता तिने.

"मी इथे कधीच आलो नव्हतो," तो खाली बघत म्हणाला. "तो दरवाजासुद्धा..."

"आणि हत्ती?"

"तोही नाही."

तिने पाठीवरची सॅक उघडली. आतून गमबुटांचे दोन जोड निघाले. एक तिचा, दुसरा घरमालकाकडून मागून आणलेला.

"तुला माहीत होतं?"

"पुण्यात मी जर्मन शिकवायचे. तू विचारलंस कधी?"

मशीनपुढचा तो धडा आठवून त्याला दुसरा पायही धरणीला द्यावासा वाटला. "मग आलीस कशाला?"

"थापाड्या उघडा पडला की काय करतो, ते बघायचं होतं. त्या आजोबांवर डाफरला असतास – तर पुढच्या बसने गेले असते."

बूट चढवून ती वाकली. पहिल्या फळीला हात लावून तो कपाळाला लावला, गडाच्या पहिल्या पायरीला लावतात तसा.

"चेष्टा पुरे गं," तो पुटपुटला.

"चेष्टा नाही. बसमध्ये ओठ हलत होते तुझे. काहीतरी सांगणार होतास ना... वर पोचल्यावर?"

पाठ केलेलं वाक्य केव्हाच दलदलीत गेलं होतं. तोही वाकला. पाय उपसताना हात चिखलाने माखला होता, तेव्हा कपाळावर काळा टिळा उमटला. तिने तो पुसला नाही, नुसता हात पुढे केला.

"बालेकिल्ला कुठे आलाय?" त्याने अगदी हळू विचारलं.

"गड तू बांधलास," ती म्हणाली. "तू थांबशील तिथे."

तो तिथेच थांबला.