थर्लबींचा थोरला

सर ऑस्बर्ट थर्लबी वारले, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांची मुलगी ऑगस्टा घोडागाडी घेऊन गावाच्या टोकाला निघाली, ती फक्त एका सहीसाठी. जानेवारीचे दिवस. यॉर्कशरची माळरानं गोठून पांढरी पडली होती आणि दुपारचे दोन वाजले तरी धुकं हटायला तयार नव्हतं.

घराण्यात पिढीजात ‘सर’ ही पदवी होती. बापामागे ती थोरल्या मुलाला जायची. अडचण एवढीच, की मुलगे जुळे. जॉसलिन स्वतःला वीस मिनिटांनी थोरला म्हणवायचा. पियर्स विचारायचा, “घड्याळ धरून कोण बसलं होतं?” बापाचं प्रेत वरच्या खोलीत आणि हे दोघे खाली वकिलासमोर भांडत होते. शेवटी वकील कंटाळून म्हणाला, “सुईण जिवंत आहे ना? तिच्याकडून लिहून आणा.”

सुईण म्हणजे नॅन टॅप्सेल. तिघा भावंडांना पुढे तिनंच वाढवलं होतं. आता नव्वदीला टेकली होती, पण डोकं शाबूत होतं.

ऑगस्टानं कागद तिच्यापुढे ठेवला. “नॅन, एवढंच सांग. आधी कोण झालं? जॉसलिन की पियर्स?”

म्हातारीनं शेकोटीतले निखारे सारखे केले. “सर गेले... नक्की गेले ना?”

“उद्या पुरायचंय त्यांना.”

“मग सांगते. त्या दोघांतला कुणीच नाही, पोरी.”

ऑगस्टाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“तिळे होते ते. पहिला पहाटे झाला. पाठीला बाक होता. रडला नाही, नुसता बघत राहिला. सर आत आले, त्याला पाहिलं आणि म्हणाले, माझ्यामागे हा सर म्हणून मिरवणार? तुझी आई शुद्धीवर नव्हती. बागेच्या भिंतीशी पूर म्हणाले... मी पुरला.”

“मेलेलाच होता ना तो?”

म्हातारीनं पुन्हा निखारे ढवळले.

“नॅन... मेलेला होता ना?”

“पेटीचं झाकण लावताना त्यानं माझं बोट धरलं होतं,” नॅन म्हणाली.

ऑगस्टा घरी कशी पोचली, तिचं तिलाच कळलं नाही. ज्या बापाच्या उशाशी ती तीन महिने बसली होती, ज्याचा घाम पुसला होता, त्याचं तोंड पाहायला ती वर गेली नाही. जेवणाच्या टेबलावर तिनं भावांना सगळं सांगितलं.

“म्हातारी चळलीय,” जॉसलिन हसला.

“छान! दोघांचाही पत्ता कापला की तिनं,” पियर्स म्हणाला. पण ताटातलं मांस दोघांनीही संपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला अंत्ययात्रा निघाली. शवपेटीच्या लगेच मागे नव्या सरनं एकट्यानं चालायचं, ही त्या घरची रीत. निकाल लागला नव्हता म्हणून दोघे भाऊ जोडीनं चालणार होते. ऑगस्टा त्यांच्यामागे होती. चालताना तिच्या लक्षात आलं, दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सुटलीय. वाट अरुंद होती, दोघांचे बाहेरचे खांदे कुंपणाच्या काट्यांना घासत होते, तरी कुणी आत सरकत नव्हतं. कडेला उभी असलेली माणसं शवपेटी आली की टोप्या काढत. पेटी पुढे गेली, की त्या मधल्या जागेकडे पाहून मान लववत.

दफन आटोपलं. चर्चच्या मागच्या खोलीत शिरताच पियर्स भडकला. “सबंध वाटभर माझी बाही धरून चाललास! लाज नाही वाटली?”

जॉसलिन पांढराफटक पडला. “मी? अरे, तूच माझी धरली होतीस...”

दोघांनी आपापले हात पाहिले. जॉसलिनची डावी बाही, पियर्सची उजवी. दोन्ही कोपराशी चुरगळलेल्या.

तेवढ्यात कबरी खणणारा जेब्सन टोपी हातात घेऊन दारात आला. चाचरत म्हणाला, “बाईसाहेब, लहान तोंडी मोठा घास... पण ते मधले साहेब, वाकून चालणारे... त्यांना बूट तरी द्यायचे होते. एवढ्या गारठ्यात अनवाणी...”

त्या दिवशी वकील कोरा कागद घेऊन परत गेला. पुढेही दोघांपैकी कुणी पदवीच्या दाव्यावर सही केली नाही. पदवी तशीच राहिली.

ऑगस्टाला मात्र त्या बाळाला चर्चच्या आवारात जागा द्यायची होती. दफनानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं जेब्सनला घेऊन बागेची भिंत गाठली. जमीन दगडासारखी होती. वर लाकडं पेटवून ती मऊ करावी लागली. चार फुटांवर पेटी लागली. खिळे गंजून लाकडात एकजीव झाले होते, ते उपटायलाच जेब्सनला अर्धा तास लागला.

आत बाळाची शाल होती, व्यवस्थित घडी घातलेली. हाडाचा तुकडासुद्धा नव्हता. घडीवर एका मोठ्या माणसाचा काळा हातमोजा होता, अंत्यविधीसाठी सोमवारीच दुकानातून आणलेल्या मोज्यांपैकी.

“खिळे तर जुनेच होते, बाईसाहेब...” जेब्सन कुजबुजला.

ऑगस्टानं वाकून मोजा उचलला. बोटं आत घातली आणि झटक्यात बाहेर ओढली. आतून तो अजून कोमट होता.