चाचणीचं पापलेट

अंधेरी स्टेशनबाहेरच्या टपरीवर नेत्रा फोनवर कुणाला तरी फैलावर घेत होती. “डी'मेलो आंटींची ऑर्डर परत गायब! फर्नांडिसांची कशी बरोबर येते रे?”

शेजारच्या मुलानं चहाचा ग्लास खाली ठेवला. “त्यांच्या नावात वर ती बारीक खूण आहे ना... म्हणून.”

“तुला काय माहीत?”

“प्रोग्रॅमर आहे मी. ती खूण दिसली की प्रोग्रॅमला वाटतं, नाव संपलं. तिथंच अडकतो तो.”

“मग काय, आंटींनी नाव बदलायचं?”

“छे. खुणेच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची. मग त्याला कळतं, ही नावातलीच आहे, पुढं वाच.”

बोलताना तो लाजत होता, पण अडखळत नव्हता. नेत्राला ते फार आवडलं. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली आईची मासळी ती वेबसाइटवरून विकायची. ताजं काय नि शिळं काय, हे तिला बघताक्षणी कळे. साइट तिनं तिथंच त्याच्या गळ्यात घातली.

मुलाचं नाव प्रबुद्ध, राहायला घाटकोपरला. रोज फोन सुरू झाले. आधी कामाचे, मग कामाच्या नावाखाली. डी'मेलो आंटींची सुरमई वेळेवर पोचू लागली, तरी रोज सकाळी ‘डी'टेस्ट’ नावानं घाटकोपरची एक ऑर्डर यायचीच. एक पापलेट.

“टेस्टिंग चालू आहे,” प्रबुद्ध म्हणायचा.

नेत्राही खोदून विचारत नसे. काम संपलं की हा मुलगाही संपला, ही धास्ती तिला होतीच. पण धास्ती उराशी धरून बसणाऱ्यांतली ती नव्हती. एका सकाळी त्या ऑर्डरचं पापलेट घेऊन तिनं स्वतःच स्कूटरला किक मारली.

दार त्याच्या आईनं, शांताबाईंनी उघडलं. “परत पापलेट? अगं, याला धड काटे काढता येत नाहीत. शेजारीपण आता नको म्हणतात.”

मागं प्रबुद्ध उभा होता, कानापर्यंत लाल. शांताबाई दोघांकडे बघून मासळी घेऊन आत गेल्या.

“नावं नीट येतात ना आता?” नेत्रानं विचारलं.

“हो... कधीचीच.”

“मग?”

“काम झालं म्हटलं, तर तू फोन कशाला करशील...”

नेत्राच्या छातीवरचं ओझं उतरलं. “ऑर्डर बंद कर. पापलेट खायचं तर रविवारी वेसाव्याला ये. घरी, आईसमोर.”

“काय म्हणून येऊ?”

“ते तू सांग.”

प्रबुद्धनं एकदा आत बघितलं, मग सरळ तिच्याकडे. “तू मला आवडतेस, नेत्रा. म्हणून.”

“मग माझ्या आईला तसंच सांग,” ती म्हणाली. “माझं मी तिला सांगून आलेय.”