न कापलेली पानं

"संध्याकाळपर्यंत पुस्तक सापडलं नाही, तर हिनं बॅग भरावी आणि माहेरचा रस्ता धरावा!"

दिवंगत प्रोफेसरांच्या पत्नीने सुनेकडे बोट दाखवले. घारबाईंनी खोलीवरून नजर फिरवली. खासगी तपासाच्या धंद्यात हे नाव त्यांना त्यांच्या नजरेमुळेच पडले होते. त्यांचे सोबती मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकलाशिक्षक. सुनेचे तोंड पाहून ते मात्र कळवळले.

नाहीशी झाली होती एक रशियन लघुकादंबरी. एकोणिसाव्या शतकातली पहिली आवृत्ती, पातळ, कागदी मुखपृष्ठाची. पुढच्या आवृत्त्यांतून शेवटचे प्रकरण गाळलेले, म्हणून हिलाच मोल. त्या काळच्या रीतीने पानांच्या घड्या तशाच शिवलेल्या. वाचणाऱ्याने सुरीने कापत पुढे जायचे; घड्या बंद असल्या तर संग्राहक जास्त पैसे मोजत.

"बाबांनी शेवटचं प्रकरण कापलंच नाही," सून म्हणाली. "मला रशियन त्यांनीच शिकवलं. म्हणायचे, तुझं भाषांतर तिथवर आलं की तूच काप. परवा आलं. पण आई नको म्हणाल्या."

"त्यांच्यामागे त्यांच्या वस्तूला सुरी लावू? आणि कपाटाची किल्ली हिच्याच कमरेला!" सासूबाई कडाडल्या.

"आज कपाट कधी उघडलंत?" घारबाईंनी सुनेला विचारले.

"सकाळी. भाऊजींना फाटकी पुस्तकं काढून घ्यायची होती. मी चहा टाकायला गेले."

भाऊजी म्हणजे प्रोफेसरांचा पुतण्या, धंद्याने बाइंडर. सकाळपासून अभ्यासिकेत सुई-दोरा घेऊन बसला होता. चोरी कळताच सासूबाईंनी पिशव्या, खिसे, गाद्या सगळे उलथेपालथे केले. घराबाहेर कुणी गेलेच नव्हते.

पुतण्या हसतमुख होता. "रशियन माझ्या डोक्यावरून जातं हो. मी फक्त हे नेणार, काकांची आठवण." वजनाखाली एक जाडजूड पुस्तक होते, बागकामाचे. "सरस अजून ओला आहे."

"बागेची आवड दिसते," घारबाई म्हणाल्या.

"छे! माझ्या हातून निवडुंगसुद्धा जगत नाही."

मास्तरांनी सवयीने पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवले. कड गुळगुळीत, पण मधेच खरखर लागली. "ही छाटायची राहिली वाटतं?"

"घाईत राहिली."

घारबाईंनी सासू-सुनेला हाक मारली.

"मास्तर, चोर तुम्हीच पकडलात."

"मी?" मास्तर दचकले.

"तुमच्या बोटानं. जुनं पुस्तक, कड पूर्वीच छाटलेली. मग मधेच खरखरीत पानं आली कुठून? बाइंडर कड छाटल्याशिवाय पुस्तक हातावेगळं करत नाही. यांनी छाटली नाही, कारण सुरी फिरली असती तर बंद घड्या सुटल्या असत्या आणि माल मातीमोल झाला असता. झडती होणार हे ठाऊक होतं, म्हणून पातळ कादंबरी जाड पुस्तकात शिवून टाकली. ज्याच्याकडे निवडुंग मरतो, त्याला बागकामाचं पुस्तक कशाला?"

त्यांनी दोरा कापला. मधून पिवळी रशियन पाने सुखरूप बाहेर आली.

"काकांनी सगळं हिलाच दिलं!" पुतण्या ओरडला.

"शिकणाऱ्याला दिलं," सासूबाई म्हणाल्या. "तू चालता हो."

मग त्या सुनेकडे वळल्या. "पोरी, चुकले मी." त्यांनी नवऱ्याची कागद कापायची सुरी सुनेच्या हातात दिली. "काप. आणि आपल्या भाषेत मोठ्यांदा वाच. त्यांनी काय राखून ठेवलं होतं ते मलाही कळू दे."

सुनेने डोळे पुसले आणि सुरी घातली. पहिली घडी उघडली.

घारबाई निघायला उठल्या. मास्तर जागचे हलेनात. "बसा हो बाई, शेवट ऐकून जाऊ."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच, शेवट ऐकण्यासाठी घारबाई दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसल्या.